घरच्या सर्व्हरसाठी भरवशाचा स्विच कोणता? (खानापूर, जि. बेळगाव; पावसाळा आणि ये-जा करणारा करंट धरून सांगा)

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. घरच्या सर्व्हरसाठी नेटवर्क स्विच घ्यायचा आहे. आधी मांडणी सांगतो.

सर्व्हर म्हणजे जुना डेस्कटॉप, त्यावर प्रॉक्समॉक्स (एकाच कॉम्प्युटरवर अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली). ४ टीबीच्या दोन हार्डडिस्क मिररमध्ये आहेत, म्हणजे दोन्हीवर तोच डेटा. फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड, सिनेमांसाठी जेलीफिन आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी फ्रिगेट चालतं. बाकी फायबरची लाईन घेणारा ओएनटी राउटर, एक वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट, एक डेस्कटॉप आणि टीव्ही. पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे) कॅमेरे चार लावायचे आहेत, दोन घराला आणि दोन शेडला. शेड घरापासून साधारण ६० मीटरवर आहे. घर कौलारू, सर्व्हर माळ्याखालच्या खोलीत.

सध्या पाच पोर्टचा प्लास्टिकचा साधा स्विच आहे. लाईट झपकन जाऊन आली की तो अडकतो. दिवे लुकलुकत असतात, पण डेटा जात नाही. अडॅप्टर काढून परत लावला की चालू. घराला इन्व्हर्टर आहे, तरी हे होतं.

बजेट सगळं धरून ८ हजारांपर्यंत. प्रश्न असे: मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) घ्यावा की साधा? २.५ गिगाबिट लागेल का? पीओईसकट एकच मोठा स्विच घेतला तर बरं का? आणि जुना, ऑफिसातून निघालेला २४ पोर्टचा स्विच स्वस्तात मिळतोय, तो घ्यावा का?

टिळकवाडी_लॅन

नमस्कार. ब्रँडवर नंतर येऊ. तुम्ही विचारलेल्या भागात स्विच मरतो तो बहुतेक वेळा विजेने, नाहीतर बाहेरून आत येणाऱ्या तांब्याच्या केबलने. चिप आपणहून बिघडल्याने तो क्वचितच जातो. म्हणून मांडणी आधी ठरवा, मॉडेल त्यातूनच ठरेल.

पोर्ट मोजू. ओएनटी, सर्व्हर, डेस्कटॉप, टीव्ही, अ‍ॅक्सेस पॉइंट, घरच्या कॅमेऱ्यांची लाईन, शेडची लाईन. सात झाले. आठ पोर्टचा घेतला तर एक शिल्लक राहतो. उद्या दुसरा सर्व्हर जोडायचा मनात असेल तर १६ पोर्टचाच बघा, कारण पुढे एका स्विचला दुसरा जोडत गेलं की एक अडॅप्टर आणि बिघाडाची एक जागा वाढते.

वेग: गिगाबिट पुरे आहे. गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० ते ११५ मेगाबाइट मिळतात. तुमची एक हार्डडिस्क मोठी फाइल वाचताना १५० ते २०० देते, म्हणजे गिगाबिट थोडं अडवतं हे खरं, पण ते फक्त डेस्कटॉपवरून मोठे बॅकअप टाकताना जाणवेल. फोरके सिनेमा जेलीफिनवरून बघायला ८०-१०० मेगाबिट भरपूर झाले. सर्व्हरमध्ये एसएसडीचा पूल असेल आणि डेस्कटॉपलाही २.५ गिगाबिटचं कार्ड असेल, तरच २.५ला अर्थ आहे. दोन्ही टोकं २.५ नसतील तर मधला स्विच २.५ घेऊन एका मेगाबाइटचाही फरक पडत नाही. पुढे घ्यायचा झालाच तर केबल बदलावी लागणार नाही, चांगल्या कॅट५ईवर २.५ गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालतं.

आता पीओई. इथं माझं मत ठाम आहे: मुख्य स्विच आणि पीओई स्विच वेगळे ठेवा. कॅमेऱ्याची केबल भिंतीबाहेर, वळचणीला, उघड्यावर जाते. वीज कडाडली की त्या केबलमध्ये झटका उतरतो आणि तो सर्वात आधी कॅमेरा जोडलेल्या स्विचमध्ये शिरतो. सगळं एकाच डब्यात असेल तर सर्व्हर, राउटर, टीव्ही सगळ्यांचे पोर्ट एकदम पणाला लागतात. वेगळा चार पोर्टचा पीओई स्विच असेल तर बहुतेक वेळा तेवढाच जातो. मुख्य स्विच शाबूत राहतो, सर्व्हर चालू राहतो. शिवाय पीओईचा वीजपुरवठा गरम होतो. ती उष्णता मुख्य स्विचच्या डब्यात नको.

पीओई स्विच घेताना बाजारातला एक गोंधळ माहीत असू द्या. "सीसीटीव्हीसाठी" म्हणून जे स्वस्त मिळतात त्यांचे पोर्ट बहुतेक १०० मेगाबिटचे असतात, फक्त अपलिंक (मुख्य स्विचकडे जाणारा पोर्ट) कधी गिगाबिट असते. कॅमेऱ्यांना ते चालतं: एच.२६५ मधला ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४-५ मेगाबिट खातो, चार मिळून २० होतात. पण असा स्विच मुख्य म्हणून बसवला तर सर्व्हर सेकंदाला ११ मेगाबाइटवर येतो आणि माणूस हार्डडिस्कला दोष देत बसतो. याच स्विचवर पुढे एक बारीक सरकबटण असतं. "एक्स्टेंड"वर गेलं की केबल २५० मीटरपर्यंत चालते, पण पोर्ट १० मेगाबिटवर येतात. "व्हीलॅन"वर गेलं की पोर्ट एकमेकांना दिसत नाहीत, फक्त अपलिंकशी बोलतात. बसवताना हे बटण नॉर्मलवर आहे का ते नखाने सरकवून बघा. पॅकिंगमधून काढताना ते आपोआप सरकलेलं असू शकतं.

वॅटचा हिशेब: ८०२.३एएफ या पीओईच्या मानकात स्विच एका पोर्टला १५.४ वॅट देतो, कॅमेऱ्यापाशी पोचतात १२.९५. साधा कॅमेरा दिवसा ४-५ वॅट, रात्री इन्फ्रारेड पेटल्यावर ७-८ घेतो. दोन कॅमेऱ्यांना ३० वॅटचं एकूण बजेट सहज पुरतं. पाटीवर प्रत्येक पोर्टचा आकडा मोठा लिहिलेला असतो, तुम्ही एकूण बजेट वाचा. आणि "पॅसिव्ह पीओई" लिहिलेलं घेऊ नका. तो समोर काय जोडलंय हे न विचारता केबलमध्ये व्होल्टेज सोडतो, चुकून लॅपटॉप लागला तर त्याचा पोर्ट जळतो.

मॅनेज्ड की साधा: तुमच्याकडे कॅमेरे आहेत, म्हणून व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी पाडलेली नेटवर्कं) कळणारा "स्मार्ट" वर्गातला घ्या. टीपी-लिंक टीएल-एसजी१०८ई, नेटगिअर जीएस३०८ई, डी-लिंक डीजीएस-११००-०८व्ही२ हे तिन्ही त्याच वर्गातले: आठ गिगाबिट पोर्ट, धातूचं खोकं, पंखा नाही. ज्याचं बिल आणि वॉरंटी जवळच्या दुकानातून नीट मिळेल तो घ्या. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी त्यावरच सगळं अडतं.

उद्यमबाग_विद्युत

वरचं सगळं बरोबर. मी फक्त करंटचं बोलतो, कारण मूळ दुखणं तिथंच आहे.

इन्व्हर्टर असूनही स्विच अडकतो त्याचं कारण साधं आहे. घरगुती इन्व्हर्टर मेन्सवरून बॅटरीवर यायला वेळ घेतो. "यूपीएस" मोडमध्ये सुमारे १० मिलिसेकंद, साध्या मोडमध्ये ४० पर्यंत. अडॅप्टरच्या आतला कपॅसिटर तेवढा वेळ तग धरून राहायला हवा. नवा असताना धरतो, जुना आणि गरम जागेत राहिलेला धरत नाही. मग व्होल्टेज शून्यावर जात नाही, अर्धवट खाली येतं आणि परत चढतं. पूर्ण बंद झाला असता तर स्विच नीट चालू झाला असता. अर्धवट घसरला म्हणून चिप अडकून पडते. दिवे मात्र चालू.

करायचं असं. आधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आणा. बऱ्याच घरांत ते साध्या मोडवर असतं, कारण यूपीएस मोडमध्ये मेन्सचं व्होल्टेज जरा खाली गेलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो. ज्या गावात संध्याकाळी १७०-१८० व्होल्ट मिळतात तिथं त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. तुमच्याकडे रात्री आठच्या सुमाराला मल्टीमीटरने बघा, २०० च्या वर असेल तर यूपीएस मोड ठेवा.

मग अडॅप्टर तपासा. नुसता मोजला तर १२ व्होल्ट दाखवेल आणि तुम्ही फसाल. स्विच जोडून, सगळे पोर्ट भरलेले असताना मोजा. १२ चा १०-१०.५ वर आला असेल तर अडॅप्टर संपला, स्विच चांगला असू शकतो. बदली अडॅप्टर घेताना खोक्यावरचंच व्होल्टेज हवं, ९ च्या जागी १२ लावू नका. अँपिअर जास्त चालतात, कमी चालत नाहीत. आणि पिनेची मधली बाजू धन आहे का ते खोक्यावरच्या चित्रात बघून घ्या.

याहून चांगला उपाय म्हणजे राउटरसाठी मिळतो तो छोटा डीसी यूपीएस. त्यात लिथियम बॅटरी असते आणि ५, ९, १२ व्होल्टची वेगवेगळी आउटपुट मिळतात. बॅटरी सतत जोडलेली असल्याने बदलाबदलीचा वेळ जवळजवळ उरत नाही. ओएनटी आणि मुख्य स्विच दोन्ही त्यावर घ्या. दोघांचे वॅट (व्होल्ट गुणिले अँपिअर) मिळवून यूपीएसच्या वॅटच्या पाऊणपटीच्या आत ठेवा. पीओई स्विच यावर चालणार नाही, त्याला ४८ व्होल्टच्या आसपास लागतात. तो इन्व्हर्टरवरच राहू दे. सर्व्हरला मात्र यूएसबीने जोडलेला खरा यूपीएस द्या. बॅटरी उतरली की तो सर्व्हरला स्वतःहून बंद करतो. मिरर केलेल्या डिस्क अचानक बंद पडणं स्विच अडकण्यापेक्षा वाईट.

अर्थिंग विसरू नका. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात चालू लोडवर २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा बघून घ्या. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं, एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतत राहावं लागतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत वळीव पडतो. सर्ज प्रोटेक्टर झटका अर्थमध्येच सोडतो. अर्थच कोरडं असेल तर तो भिंतीवरचा डबा नुसता शोभेला.

शहापूर_होमलॅब

जुन्या २४ पोर्टच्या स्विचला एवढ्यात नाही म्हणू नका. ऑफिसच्या स्विचचा वीजपुरवठा दणकट असतो, आतले भाग चांगल्या दर्जाचे असतात, आणि शिकायला स्पॅनिंग ट्री, एलएसीपी, एसएनएमपी अशा मोठ्या नेटवर्कच्या सोयी सगळ्या मिळतात. तोच पैसा नव्या खेळण्यात का घालायचा?

टिळकवाडी_लॅन

@शहापूर_होमलॅब शिकायला उत्तम, मान्य. पण इथे तो २४ तास चालू राहणार आणि करंट गेल्यावर इन्व्हर्टरवर राहणार. ४० वॅट खाणारा स्विच महिन्याला २८.८ युनिट घेतो, ५ वॅटचा ३.६ युनिट. युनिटचा दर बाजूला ठेवा, हे ४० वॅट इन्व्हर्टरच्या बॅटरीतून जातात हा खरा प्रश्न आहे. करंट तीन-चार तास गेला तर तेवढ्यात घरातले तीन-चार एलईडी दिवे चालले असते. शिवाय त्यातले छोटे ४० मिलिमीटरचे पंखे कौलारू घरात रात्रभर ऐकू येतात. धुळीने ते अडकले की स्विच गरम होऊन बंद पडतो. घेणाऱ्याने निदान एवढं तपासावं: आधीचा पासवर्ड काढून टाकलेला आहे का, स्विचची सेटिंग थेट उघडणारी कन्सोल केबल मिळते का, आणि सगळे पोर्ट एकेक करून गिगाबिट दाखवतात का. वीज पडून गेलेल्या स्विचचे मधलेच दोन-चार पोर्ट मेलेले असतात आणि तो दुकानात चालूच दिसतो.

आणि एलएसीपीबद्दल (दोन केबल मिळून एकच लिंक करणं), कारण हे सगळे विचारतात: दोन केबल लावल्या म्हणून एका कॉम्प्युटरची एक फाइल दुप्पट वेगाने जात नाही. वेगवेगळ्या कॉम्प्युटरांची कामं वाटली जातात, एवढंच.

शहापूर_होमलॅब

पंखा आणि इन्व्हर्टरचं पटलं. कौलारू घरात मीही नसता लावला.

निपाणीकर_फायबर

शेडच्या ६० मीटरबद्दल कोणीच बोललं नाही. तिथं तांब्याची केबल अजिबात टाकू नका. ६० मीटर म्हणजे कॅट५ई-६ च्या १०० मीटरच्या आतच आहे, चालेल की, असं वाटतं. चालेलही. पण घर आणि शेड यांचं अर्थिंग वेगळं. जवळ कुठेही वीज पडली की दोन्ही जमिनींच्या व्होल्टेजमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो आणि तो फरक त्या केबलमधूनच वाहतो. शिल्डवाली केबल टाकून दोन्ही टोकांना अर्थ केली तर आणखी वाईट, चांगला जाड रस्ताच करून दिल्यासारखं. मध्ये काच, म्हणजे फायबर केबल, असेल तर तो झटका इकडून तिकडे जात नाही.

सामान असं:

– सिंगल मोड ड्रॉप केबल, सरळ ६० असेल तर ७५ मीटर घ्या. दोन्हीकडे दोन-तीन मीटरचं वेटोळं शिल्लक ठेवा, स्प्लाइस (फायबरचा वितळवून केलेला जोड) तुटला तर तेच कामी येतं.
– गिगाबिट मीडिया कन्व्हर्टरची (तांब्याची केबल फायबरला जोडणारा डबा) एक जोडी, एकाच फायबरवर चालणारी. एक टोक १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवतं आणि १५५० वर ऐकतं, दुसरं उलट. त्यावर "ए" आणि "बी" लिहिलेलं असतं. दोन "ए" आणले तर लिंक लागणारच नाही.
– १ इंची एचडीपीई पाइप, दीड-दोन फूट खोल पुरायला. पाइपमध्ये नायलॉनची दोरी ओढून तशीच ठेवा.

आता जिथं चुकतं ते. पहिलं, बाजारात १०० मेगाबिटचे मीडिया कन्व्हर्टर भरपूर आहेत आणि दिसायला हुबेहूब सारखे. खोक्यावर १००० लिहिलेलं बघूनच घ्या. एका टोकाला १०० आणि दुसऱ्याला १००० असेल तर बहुतेक वेळा लिंकचा दिवाच पेटत नाही. दुसरं, कनेक्टर. घरोघरी इंटरनेट देणारे हिरवा एससी-एपीसी लावतात, त्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं. मीडिया कन्व्हर्टरला निळा एससी-यूपीसी लागतो, सरळ तोंडाचा. हिरवा त्यात बसतो, खटकन आवाजही होतो, पण मध्ये फट राहून प्रकाश गळतो. स्प्लायसिंगवाल्याला आधीच सांगा: "दोन्हीकडे निळा पिगटेल (कनेक्टर लावलेला फायबरचा तुकडा)."

तिसरं, ड्रॉप केबलमध्ये ताणासाठी स्टीलची तार असते. ती घरात आणू नका. भिंतीच्या बाहेरच फूटभर आधी सोलून कापा, नाहीतर काच टाकूनही धातू आत आणल्यासारखं होतं. मधला आधार एफआरपीचा (बिनधातूच्या फायबरग्लासचा) असलेली केबल मिळाली तर हा प्रश्नच नाही.

२० किलोमीटर लिहिलेलं मॉड्यूल ६० मीटरवर बिनधास्त चालतं. ४० किंवा ८० किलोमीटरचं मात्र उचलू नका, इतक्या जवळून त्याचा उजेड समोरच्याला झेपत नाही, मध्ये उजेड कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर टाकावा लागतो.

शेडमध्ये मीडिया कन्व्हर्टर आणि चार पोर्टचा पीओई स्विच, दोन्ही धातूच्या बंद डब्यात. तळाला हवेची भोकं, त्यावर बारीक जाळी. मुंग्या आणि पाल आत शिरल्या की वीजपुरवठ्याच्या गरम भागापाशीच जाऊन बसतात. डब्याला वरून भोक पाडू नका. केबल खालून आत घ्या आणि आत येण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी त्या झोळावरून ठिबकून जातं.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. असं ठरवलं: घरी आठ पोर्टचा स्मार्ट स्विच, त्याला एक चार पोर्टचा पीओई, शेडला फायबर आणि दुसरा पीओई. स्विचवर डीसी यूपीएस.

दोन शंका. ओएनटी राउटरला व्हीलॅन कळत नाही, मग कॅमेऱ्यांचा व्हीलॅन करून उपयोग होईल का? आणि बाजारात कॅट६ची ३०५ मीटरची पेटी निम्म्या भावात मिळते, ती घरातल्या वायरिंगला चालेल का?

टिळकवाडी_लॅन

राउटरला कळत नाही हे तुमच्या फायद्याचंच आहे. कॅमेऱ्यांना इंटरनेट द्यायचंच नाहीये. असं करा:

स्विचवर ८०२.१क्यू व्हीलॅन चालू करा आणि २० नंबरचा व्हीलॅन बनवा. समजा घरचा पीओई पोर्ट ७ ला, शेडचा मीडिया कन्व्हर्टर पोर्ट ८ ला, सर्व्हर पोर्ट २ ला. पोर्ट ७ आणि ८ व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड (पाकिटावर व्हीलॅनचा नंबर नाही), पोर्ट २ व्हीलॅन २० मध्ये टॅग्ड (नंबरासकट). मग ७ आणि ८ ला व्हीलॅन १ मधून काढा. यानंतर पीव्हीआयडीच्या (पोर्टवर येणारं बिननंबरी पाकीट कुठल्या व्हीलॅनमध्ये जाईल ते) वेगळ्या पानावर जाऊन ७ आणि ८ चा पीव्हीआयडी २० करा. नव्वद टक्के लोक अडकतात ते इथंच. व्हीलॅनमध्ये पोर्ट घातला म्हणजे झालं असं वाटतं, पण या वर्गातल्या स्विचवर पीव्हीआयडी वेगळा बदलावा लागतो. तो १ राहिला तर कॅमेऱ्याकडून येणारी पाकिटं व्हीलॅन १ मध्ये जातात, परतीची २० मध्ये, आणि कॅमेरा सापडतच नाही.

पोर्ट १ आणि तुमच्या डेस्कटॉपच्या पोर्टला शेवटपर्यंत हात लावू नका, नाहीतर स्विचच्या पानावरून स्वतःच बाहेर फेकले जाल. जालच तर रिसेटचं भोक टाचणीने दाबून धरायचं आणि पहिल्यापासून सुरू.

प्रॉक्समॉक्समध्ये ब्रिजला "व्हीलॅन अवेअर" करा आणि फ्रिगेटच्या मशीनला दोन नेटवर्क कार्ड द्या: एक साधं, एकाला टॅग २०. त्या दुसऱ्या कार्डाला आयपी हाताने द्या, गेटवे रिकामा ठेवा. कॅमेऱ्यांनाही आयपी हाताने. इंटरनेट नसल्याने कॅमेऱ्यांची घड्याळं हळूहळू सरकतात, म्हणून त्याच मशीनवर क्रोनी हा वेळ पुरवणारा प्रोग्राम चालवून तिला व्हीलॅन २० ला वेळ देऊ द्या, आणि कॅमेऱ्याच्या एनटीपीच्या (वेळ कुठून घ्यायची त्या) रकान्यात तिचा आयपी टाका. हे नाही केलं तर काही आठवड्यांनी रेकॉर्डिंगवरची वेळ आणि खरी वेळ जुळत नाही, आणि चोरीच्या वेळी नेमकं तेच विचारतात.

या वर्गातल्या अनेक स्विचमध्ये सेटिंगचं पान कुठल्याही व्हीलॅनमधून उघडतं. म्हणून पहिला पासवर्ड बदलायचा तो लगेच.

उद्यमबाग_विद्युत

केबलचं मी सांगतो. निम्म्या भावातली पेटी म्हणजे बहुतेक सीसीए, आत अ‍ॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. ओळखायची पद्धत: एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून पांढरी चमक दिसली की अ‍ॅल्युमिनियम. पेटी उचलून बघा, शुद्ध तांब्याची लक्षात येण्याइतकी जड असते. तारेला चार-पाच वेळा मागेपुढे वाकवा, सीसीए लवकर तुटते.

तिचा रोध जास्त, त्यामुळे पीओईचे व्होल्ट वाटेतच पडतात. दिवसा कॅमेरा चालतो, रात्री इन्फ्रारेड पेटला की रिसेट होतो, आणि लोक कॅमेरा बदलत राहतात. शिवाय तार दाबून बसवायच्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये ती कालांतराने सैल होऊ शकते. शुद्ध तांब्याची कॅट५ई ही सीसीएच्या "कॅट६"पेक्षा कधीही बरी. तुम्हाला ३०५ मीटर लागतच नाहीत, दुकानातून ४०-५० मीटर मापून घ्या.

जॅक मारताना दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला फक्त १, २, ३ आणि ६ या पिना. म्हणून निळी किंवा तपकिरी जोडी नीट दाबली गेली नाही तर केबल बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येते.

निपाणीकर_फायबर

त्यालाच जोडून: सगळं बसल्यावर स्विचच्या पानावर प्रत्येक पोर्टचा लिंकचा वेग बघा. सर्व्हर, डेस्कटॉप आणि मीडिया कन्व्हर्टरच्या पोर्टवर १००० दिसलंच पाहिजे. मग सर्व्हरवर आयपर्फ३ हा वेग मोजणारा प्रोग्राम चालू करून डेस्कटॉपवरून दहा मिनिटं चालवा, एकदा सरळ आणि एकदा उलट दिशेने. ९३०-९४० मेगाबिट आले की केबल आणि स्विच ठीक. एका दिशेला ९४० आणि उलट ३००-४०० आले तर स्विचला हात लावू नका, आधी त्या बाजूचा जॅक कापून नवीन मारा. चाचणीनंतर पोर्टच्या आकडेवारीत खराब पाकिटांचा आकडा बघा, तो शून्य हवा. पहिल्या जोरदार पावसानंतर शेडच्या पोर्टचा तोच आकडा परत बघा. तिथं तो वाढायला लागला असेल तर बहुधा डब्यात ओल शिरली आहे.

मलप्रभाकाठ

डीसी यूपीएसवर ९ आणि १२ दोन्ही आउटपुट आहेत. स्विचच्या पाटीवर ९ व्होल्ट ०.६ अँपिअर, ओएनटीवर १२ व्होल्ट १ अँपिअर, मीडिया कन्व्हर्टरवर ५ व्होल्ट २ अँपिअर. तिन्ही एकाच यूपीएसवर चालतील?

उद्यमबाग_विद्युत

वॅट काढा. ५.४, १२ आणि १०, एकूण २७.४. पाटीवरचे आकडे कमाल असतात, प्रत्यक्षात त्याच्या निम्मे जातील. पण यूपीएस घेताना कमालच धरा आणि ३६ वॅटच्या वरचा घ्या. १८-२० वॅटवाला तिन्ही एकदम सुरू होताना दमेल आणि तुमचा पहिलाच त्रास परत येईल. ५ व्होल्टचं आउटपुट २ अँपिअर देतं का तेही बघा, काहींवर ते १ अँपिअरचंच असतं. तसं असेल तर मीडिया कन्व्हर्टर त्याच्याच अडॅप्टरवर इन्व्हर्टरला राहू द्या. करंट गेल्यावर शेडचे कॅमेरे दोन सेकंद तुटतील, घरचं नेटवर्क चालू राहील.

९ ची पिन चुकून ओएनटीत आणि १२ ची स्विचमध्ये सहज बसते, कारण दोन्हीचं माप बहुतेक एकच असतं. केबलच्या टोकाला रंगीत चिकटपट्टी लावून मगच जोडा.

मलप्रभाकाठ

३६ वॅटच्या वरचा आणि ५ व्होल्टला २ अँपिअर देणाराच बघतो. चिकटपट्टी लाल १२ ला, पिवळी ९ ला.

निपाणीकर_फायबर

पाइप पुरायचं काम मृग लागायच्या आधी उरका, नंतर तिकडची लाल माती खणू देत नाही.